भूत जाणार कसं?

१८ एप्रिल १९७१, रविवार. बुलढाणा

डॉक्टरांनी मीठ तोडलं, चहा निम्म्यावर आणला आणि निघताना म्हणाले, "शिरस्तेदार, रोज चार ओळी लिहीत जा. मनातलं कागदावर उतरलं की रक्तदाबही उतरतो." माझ्या मनात लिहिण्यासारखं काही नाही. पण औषध कडू लागतं म्हणून टाकून देणाऱ्यांतला मी नव्हे. लिहितो.

आधी पक्षकारांची नावं यावीत, ही कोर्टाची सवय. पक्षकार दोन. मी नारायणराव, जिल्हा कोर्टात शिरस्तेदार. आणि माझी मुलगी चांगुणा, माझ्या आईचं नाव ठेवलेली, यंदा बी.ए.च्या परीक्षेला बसलेली. तिची आई गेली तेव्हा ही आठवीत होती. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

परीक्षा काल संपली. आज जेवताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, निकाल लागला की नागपूरला एम.ए.ला जायचं, इतिहास घ्यायचा, मुलींच्या वसतिगृहात राहायचं. दोन, सुट्टीत कॉलेजातली मुलं मिळून सिनेमा काढणार आहेत, भुताचा, आणि त्याची गोष्ट ती लिहिणार आहे.

पहिल्या गोष्टीला मी "पाहू" म्हणालो. दुसरीला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून ताक मागितलं.

२० एप्रिल, मंगळवार

सिनेमाला परवानगी दिली, पण अटींवर. जे काय ठरवायचं ते आमच्याच ओसरीवर, दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून. मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसेन. ऐकणार नाही, पण असेन.

कोर्टातून आलो तर मंडळी बसलेलीच होती. मंडळी म्हणजे दोघं. हबीब हा फकीर मोहम्मद फोटोवाल्यांचा मुलगा. बुलढाण्यात ज्याचं ज्याचं लग्न झालं त्याचा फोटो फकीर मोहम्मदांनीच काढलेला, माझाही. आता त्यांनी मुंबईहून सिनेमाचा लहान कॅमेरा आणला आहे, घड्याळासारखी किल्ली दिली की चालतो. चित्र येतं, आवाज येत नाही. दुसरा हिंमतराव. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून मोठा, आणि उंदीर दिसला की खुर्चीवर चढणारा. त्याच्या घरी बक्कळ जमीन आहे, म्हणून नायक तो.

"काका, भुताचा हाय, पन हासायचा हाय," हिंमत म्हणाला. "मानसानं भ्यायचं बी अन् हासायचं बी."

"दोन्ही एकदम कसं जमंन बे?"

"जमते काका," हबीब म्हणाला. "माह्या अब्बासमोर मी रोज तेच करतो."

पोरगा बरा वाटला. चांगूनं त्यांना चहा दिला. मला दिला नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

आज रजेवर होतो, तेव्हा गोष्ट कानावर पडली. (पेपर वाचत होतो. कान काही मिटता येत नाहीत.)

गोष्ट अशी. एक बाप मरतो, पण मुलीच्या काळजीपायी जातच नाही. भूत होऊन घरातच राहतो. उठून उठून दाराची कडी पाहतो. मुलीचं दूध फार गरम तर नाही ना, ते बोट बुडवून पाहतो. ती बाहेर पडली की मागोमाग निघतो आणि तिनं वळून पाहिलं की खांबाआड होतो. मुलीला बाहेरगावी जायचं असतं. ती ट्रंक भरून दाराबाहेर ठेवते, की ट्रंक आपली आपण चालत घरात परत येते.

मला गोष्ट पटली नाही. मी आतूनच म्हणालो, "असं रिकामटेकडं भूत कुठी असते काय? भुताले भुताची कामं असतात."

"असते बाबा," चांगू म्हणाली. मान वर न करता लिहीतच राहिली.

दुपारी ती ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला निघाली. ऊन रणरणत होतं, म्हणून मी छत्री घेऊन मागून निघालो. अर्ध्या वाटेत तिनं वळून पाहिलं. मी पानाच्या ठेल्यावर उभा राहून पान लावायला सांगितलं. मी पान खात नाही. ते खिशात ठेवलं आणि सदऱ्याला डाग पडला.

२५ एप्रिल, रविवार

घरात मोठी ट्रंक एकच. उंदरांचा फार त्रास आहे, म्हणून तिच्यात गहू भरून ठेवले. चांगूनं पाहिलं. वही काढून काहीतरी टिपून ठेवलं.

३० एप्रिल, शुक्रवार

आज न राहवून ओसरीवर गेलो. किती चुकीचं लिहावं माणसानं! भूत एकदाच उठून कडी पाहतं, असं लिहिलं होतं.

"एकदा पाहून भागत नाई," मी सांगितलं. "पडलं का मनात येते, मागच्या दाराची राह्यली. उठून पाहा, तं लागलेली असते. मंग वाटते, मागची पाहाच्या नादात पुढची आपनच काढली असंन. मंग पुन्हा पुढची. अन् दूध बोट बुडवून पाहात नाईत. मनगटावर थेंब टाकतात, बोटाले उष्टं लागते."

हिंमत हसून हसून आडवा झाला. हबीब म्हणाला, "काका, हळू सांगा, लिहून घेतो." चांगू पदरानं तोंड झाकून बसली होती, खोकला आला असावा. सुंठ घालून काढा दिला.

भूत आता बरंच सुधारलं आहे.

४ मे, मंगळवार

भूत कोण होणार यावर दोन दिवस खल चालला आहे. कॉलेजातल्या एका मुलाला आणलं, तो डोळे फिरवून हातवारे करतो. दुसऱ्याला आणलं, तो आरोळ्याच ठोकतो. या भुताचं ते काम नाही. त्यानं हळू चाललं पाहिजे, चपला हातात घेऊन, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून.

"काका, तुमी जरा त्याले चालून दाखवा ना," हबीब म्हणाला.

मी दाखवलं. ओसरीवरून दारापर्यंत गेलो, कडी पाहिली, परत आलो, थांबलो, पुन्हा गेलो.  मग तो आरोळ्या ठोकणारा मुलगा मुकाट्यानं उठून आपल्या घरी गेला.

दुसरा कुणी मिळेपर्यंत भुताचं काम मी करायचं ठरलं आहे. तात्पुरतं.

९ मे, रविवार

भुताचे पाय उलटे असतात, हे कुणालाही ठाऊक आहे. हिंमतनं त्याच्या ओळखीच्या चांभाराकडून वहाणा करून आणल्या, टाचा पुढे आणि बोटं मागे. उभा राहिलो तर छान दिसत होतं. चाललो आणि पायरीवरून थेट तुळशीपाशी जाऊन पडलो.

घोटा सुजला. चांगूनं हळद आणि आंबेहळद गरम करून लेप लावला. लावताना ओरडत होती, "तुमाले कोनं सांगतलं होतं या वयात उलट्या वहाना घालाले?" थेट तिच्या आईसारखी ओरडते. मला बरं वाटलं.

भुताचे पाय सुलटेच ठेवायचे, असं सर्वानुमते ठरलं.

१२ मे, बुधवार

लंगडत कोर्टात गेलो. वाटेत कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक भेटले. म्हणाले, "मुलीला पहिला वर्ग मिळेल. नागपूरला पाठवा. इथं ठेवून तिचं नुकसान करू नका." मी म्हणालो, नागपूरचा उन्हाळा वाईट. वसतिगृहाचं जेवण वाईट. एकट्या मुलीनं परगावी राहणं वाईट. त्यांनी हं हं केलं.

खरं कारण त्यांना सांगितलं नाही, वहीला सांगतो. संध्याकाळी मी घरी आलो की आतून आवाज येतो, "आले का बाबा?" त्या तीन शब्दांवर माझा दिवस चालतो. ती नसली तर मला कुलूप काढून आत यावं लागेल. मी आलो काय आणि न आलो काय, कोण विचारणार? याची मला भीती वाटते. पंचविशीत वाटली नव्हती एवढी वाटते.

हे लिहून रक्तदाब उतरेल असं डॉक्टर म्हणतात. उतरल्यासारखं वाटत नाही.

१६ मे, रविवार

सगळं जुळलं, शेवट जुळत नाही. भूत जाणार कसं?

हिंमत म्हणाला, मिरच्यांची धुरी द्यायची. हबीब म्हणाला, मांत्रिक आणू, मांत्रिकाचीच फजिती करू, लोक हसतील. हिंमत म्हणाला, केरसुणीनं झोडपून काढू.

मला रागच आला. "काऊन झोडपता त्याले? त्यानं कोनाचं काय वाईट केलं? कड्याच लावल्या ना?"

"पन मंग जाईन कसं, काका?"

"झोडपून असं भूत जात नाई. त्याचा जीव कशात अडकला ते इचारा लागते."

मग मला पिंडाचं सुचलं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलं आहे. मग घरचे एकेक कबूल करत जातात. तुझी गाय सांभाळू, तुझ्या धाकट्याचं लग्न करू. खरी गोष्ट सापडली की कावळा शिवतो. तसंच करायचं. पत्रावळीवर पिंड, समोर मुलगी, झाडामागे भूत. मुलगी सायकलीपासून तुळशीपर्यंत सगळं कबूल करते, कावळा हलत नाही. शेवटी ती नेमकं बोलते, आणि कावळा येतो.

"नेमकं म्हनजे काय बोलते?" हबीबनं विचारलं.

ते मला सुचेना. चांगूकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच पाहत होती. म्हणाली, "ते त्या टायमाले सुचंन."

लिहिणाऱ्यानं असं अर्धवट ठेवू नये. मी तिला तसं सांगितलं.

२२ मे, शनिवार

कावळ्याची तयारी हिंमतकडे आहे. तळ्याकाठी रोज जाऊन भाकरी कुस्करून टाकतो. एक कावळा इतका सलगीत आला आहे की हिंमतचा पिवळा सदरा लांबून दिसला की खाली उतरतो. पण आता पंचाईत अशी की तो येतच राहतो. न शिवणारा कावळा हवा होता, हा तर पंगतीला बसल्यासारखा येतो. म्हणून ठरलं, की हिंमतनं सुरुवातीला तिथल्या विहिरीच्या कठड्यामागे दडून बसायचं आणि खूण केली की बाहेर यायचं.

एका कावळ्यासाठी एवढं डोकं चाललं. मी कोर्टातही त्याचाच विचार करत होतो. न्यायाधीशसाहेबांनी दोनदा हाक मारली.

२८ मे, शुक्रवार

बीबी गावाहून मनकर्णाअक्का आली. माझी थोरली बहीण. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, ती मिळेल त्या गाडीनं आली, पिशवी खाली न ठेवताच सुरू झाली.

"नारायणा, जित्या माणसाचं पिंड मांडायलास व्हय? डोस्कं फिरलं का तुझं?"

मी म्हणालो, सिनेमा आहे. ती म्हणाली, "कावळ्याला काय ठावं शिनेमा हाय म्हून?"

 हबीब बिचारा एवढंसं तोंड करून बसला. म्हणाला, "मावशी, चुकलंच आमचं. बंद करतो." चांगूनं मात्र अक्काचा हात धरून तिला आत नेलं आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कडी, दूध, ट्रंक, सगळं. आतून अक्काचा हसण्याचा आवाज आला.  बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. हिंमतच्या मिशा फार विनोदी आहेत, त्यांना हसली असावी.

"मीठ टाका भातात," अक्का म्हणाली. "मिठाच्या भाताचं पिंड व्हत न्हाई. अन् भुताला नाव, गोत्र काई बी दिऊ नका. मंग कुणाला बाध न्हाई. भात मीच शिजवते."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीला नागपूरला कधी धाडतूस?"

मी म्हणालो, पाहू.

६ जून, रविवार

आज कावळ्याचं दृश्य घेतलं. सविस्तर लिहितो.

सकाळी फकीर मोहम्मदांनी स्वतः माझ्या तोंडाला पावडर फासली, डोळ्यांखाली काजळ ओढलं. म्हणाले, "शिरस्तेदारसाब, लग्नाच्या फोटोत बी एवढे गोरे नव्हते तुमी." पांढरं धोतर, पांढरा सदरा. तळ्याकाठी बाभळीखाली पत्रावळ मांडली, तिच्यावर अक्काच्या हातचे मीठ घातलेल्या भाताचे गोळे. अक्का लांब दगडावर बसली. हिंमत विहिरीमागे दडला. मी झाडामागून अर्धा दिसेन असा उभा. कावळा वरच्या फांदीवर, माझ्यापेक्षा जास्त तयारीत.

हबीबनं किल्ली दिली. चांगू हात जोडून बोलू लागली.

"बाबा, तुमची सायकल कोनाले देनार नाई." कावळा हलला नाही. ठरल्याप्रमाणेच.

"तुळशीले रोज पानी घालीन. दोन्ही दारं तपासून झोपीन." कावळा चोच घासत बसला.

लिहिलेलं संपलं. पुढचं तिला सुचायचं होतं.  हबीब हळूच म्हणाला, "बोल चांगुणा, किल्ली उतरून राह्यली."

मग ती बोलली. पत्रावळीकडे नाही, झाडाकडे पाहून. तसं करायचं ठरलं नव्हतं.

"बाबा, मी येळेवर जेवीन. आजारी पडली तं लपवनार नाई. दर आठोड्याले पत्र टाकीन, अन् खोटं खोटं सुखाचं नाई लिहिनार. तुमी एकटे बसान, मले ठाऊक हाय. मी तुमाले सोडून नाई चालली, बाबा. मी नुस्ती चालली." आणि तिथं तिचा आवाज गेला.

भुतानं बोलायचं नाही, हे मला माहीत होतं. पण दृश्य अडलं होतं. किल्ली उतरत होती. तिला शब्द सापडत नव्हता, आणि तो मला दिसत होता. इतक्या दिवसांत कुणालाच कसा सुचला नाही!

"अवं, नागपूरले जाईन म्हन ना!" मी झाडामागून ओरडलो. "तेवढंच राह्यलं!"

"नागपूरले जाईन, बाबा," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

विहिरीमागून हिंमत नाक ओढत, डोळे पुसत, खूण न होताच बाहेर आला. त्याचा पिवळा सदरा दिसला तसा कावळा खाली उतरला, भाताचा गोळा चोचीत घेतला आणि गेला. अक्कानं दगडावर बसल्या बसल्या हात जोडले. हबीबनं आमच्याकडे पाहून मान हलवली. किल्ली आधीच उतरली होती. कावळा सिनेमात आला नाही.

मी जे बोललो ते दृश्य सुटावं म्हणून बोललो. हे इथं नोंदवून ठेवतो.

७ जून, सोमवार

सकाळी चहा देताना चांगू म्हणाली, "बाबा, काल तुमी बोलले ना?"

"भूत बोललं."

"अन् तोंड कुणाचं व्हतं?" अक्का आतून म्हणाली.

साक्षीदार अक्का, साक्षीदार हबीब, साक्षीदार हिंमत. एवढी वर्षं कोर्टात काढली, बाजू हरली की कळतं. मी ट्रंक ओढून बाहेर काढली आणि गहू उपसले. दोन डब्यांत मावले. एवढ्याशा गव्हासाठी एवढी मोठी ट्रंक अडवली होती.

"जा," मी म्हणालो. चांगूनं माझ्या पायांना हात लावला आणि तशीच बसून राहिली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेल लावत नाही हल्ली, केस किती कोरडे झालेत.

कोर्टात उशिरा पोचलो. कुणी काही विचारलं नाही.

१५ जून, मंगळवार

निकाल लागला. पहिला वर्ग. पेढे आणायला मीच धावत गेलो, घोटा अजून दुखतो हे परत आल्यावर आठवलं. गल्लीत सगळ्यांना वाटले. प्राध्यापकांच्या घरी स्वतः जाऊन दिले. म्हणालो, नागपूरला पाठवतो आहे. ते म्हणाले, तिथला उन्हाळा फार वाईट हो. आणि हसले.

२२ जून, मंगळवार

मुंबईहून रीळ धुऊन आलं. फकीर मोहम्मदांनी दुकानाची मागची खोली अंधारी करून भिंतीवर चादर लावली. आम्ही सगळे जमिनीवर बसलो.

काय हसलो! हिंमत भुताला पाहून पळतो आणि शेणात पडतो, ते पाहून तर मला ठसका लागला. हिंमत स्वतः सगळ्यांत जास्त हसला. मग भुताची पाळी आली. भूत चपला हातात घेऊन चाललं. कडी पाहिली. परत आलं. थांबलं. पुन्हा गेलं. ट्रंक ओढून आत आणली आणि जणू काही केलंच नाही असं तोंड करून उभं राहिलं. लोक पोट धरून हसत होते.

मी हसता हसता थांबलो. मी तिथं अभिनय करत होतो, हे मला चांगलं आठवत होतं. चादरीवर मात्र अभिनय कुठं दिसेना. पाठीला जरासा बाक काढून, मान पुढे घालून, मुलीच्या मागेमागे चाललेला तो माणूस मी होतो, पावडर लावलेला. अक्काला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. हबीबला, हिंमतला, सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी जाताना विचारलं, "चांगू, ते भूत म्हनजे मी काय?"

"हाव."

"मंग सरळ सांगतलं काऊन नाई?"

"सरळच सांगतलं होतं बाबा, पैल्या दिवशी. तुमी पाहू म्हनले."

घरापर्यंत ती माझ्या मागे नव्हती की पुढे नव्हती, बरोबर चालत होती.

२४ जून, गुरुवार

आज चांगू गेली.

काल हबीब आला होता. म्हणाला, "काका, सिनेमात भूत जाताना दिसतच नाई. कावळा आला तवा किल्ली उतरली. लोकाइले वाटंन, भूत हायच अजून. थोडंसं रील राह्यलं हाय." म्हणून ठरलं की मुलीचं जाणं आणि भुताचं जाणं एकदमच घ्यायचं, खऱ्याखुऱ्या गाडीवर.

सकाळी तोंडाला पावडर लावून, पांढऱ्या धोतरात मी मोटार स्टँडवर गेलो. नांदुऱ्याची गाडी लागलेली होती, तिथून पुढे नागपूरची रेल्वे. अक्का तिला वसतिगृहापर्यंत पोचवणार होती. मला बरोबर जायचं होतं. पण मी गेलो असतो तर वसतिगृहाच्या कड्या तपासत बसलो असतो, हे आता माझं मलाच कळतं.

उतारू माझ्याकडे पाहत होते. एक लहान मुलगी आईच्या मागे लपली. हिंमतनं ट्रंक गाडीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून म्हणाला, "काका, आता परत आनू नका." मी हसलो.

मला सगळं पुन्हा सांगायचं होतं. पाणी उकळून पी. पैसे एका जागी ठेवू नकोस. पण पावडर लावलेल्या माणसानं काय सांगावं? तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा सदरा नीट केला.

"आता पाहा काका," हबीब कॅमेरा लावून म्हणाला. "गाडी सुटाच्या आधी तुमी वळाचं अन् चालू लागाचं. भूतच आधी जाते. अन् मागं वळून पाहाचं नाई. पाह्यलं का सीन गेला. रील तेवढंच हाय."

किल्लीचा आवाज आला. चांगू खिडकीत बसून हसत होती. हसायचं असं तिला हबीबनंच सांगितलं होतं. डोळे मात्र भरलेले होते. मी तिच्याकडे एकदा पोटभर पाहिलं आणि वळलो. चालू लागलो. मागे कंडक्टरनं घंटी मारली. गाडी घरघरली, हलली. "बाबा!" असं ती ओरडली. ते गोष्टीत लिहिलेलं नव्हतं. मी वळलो नाही. गाडीचा आवाज उतारावर लागून कमी कमी होत गेला, तरी वळलो नाही.

"झालं काका! थांबा आता!" हबीब ओरडत होता. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तोंडावरच्या पावडरीचं काय झालं होतं ते त्यानं पाहिलं असतं, आणि पोरगा हळवा आहे.

तसाच चालत राहिलो. बाजारातून, लोकांच्या मधून. पाय आपोआप कोर्टाकडे वळले. दारात पट्टेवाला रामराव उभा होता. त्यानं माझं तोंड पाहिलं, धोतर पाहिलं, आणि तरी नेहमीसारखा नमस्कार केला.

"साहेब, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय, रामराव," मी म्हणालो. "पोरगी नागपूरले गेली. एम.ए. करनार हाय."